साय, मोतिया की खरवस?

“पांढरा तो पांढरा. त्यात निवडायचे ते काय?” असे आमचे हे ज्या दिवशी म्हणाले, त्या दिवशी आमच्या घरात जो वाद सुरू झाला, तो थेट वसुबारसेपर्यंत चालला. तुमच्याकडेही रंगकाम निघाले असेल किंवा निघायचे असेल, तर भगिनींनो, हा लेख आधी तुम्ही वाचा आणि मग यजमानांच्या हाती द्या.

झाले असे, की वैशाखात सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या हॉलमधल्या कॉटवर येऊन बसल्या. समोरच्या भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, ही भिंत एवढी पिवळी कधी झाली?” भिंत गेली बारा वर्षे होती तशीच होती. दर दसऱ्याला मी रंगाचा विषय काढी आणि दर दसऱ्याला सासूबाईच म्हणत, “चांगला तर आहे रंग. कशाला उगीच खर्च?” या एका मताच्या आधारावर ह्यांनी बारा वर्षे निभावून नेली होती. तो आधार वैशाखात सुटला.

दुसऱ्या दिवशी दुकानातून रंगांचे कार्ड आले. झगझगीत पांढरा नको, यावर घरात एकमत होते. तो दवाखान्याला बरा. जरा ऊबदार, डोळ्यांना निववणारा पांढरा हवा. तसले पांढरे त्या कार्डावर मोजून बावीस निघाले! बोटाच्या पेराएवढे एकेक चौकोन आणि त्यांखाली वाचून काहीही बोध होऊ नये अशी इंग्रजी नावे. आम्ही तिघांवर आलो आणि बोलायला सोपे जावे म्हणून त्यांचे घरीच बारसे केले. पहिला साय, दुसरा मोतिया आणि तिसरा, गुळाचा हात लागलेला, म्हणून खरवस.

ह्यांनी तिन्ही पाहिले आणि वर दिलेले सुप्रसिद्ध उद्गार काढले. मी काही न बोलता स्वयंपाकघरात गेले. एका वाटीत गाईचे दूध आणि एका वाटीत म्हशीचे दूध घेऊन आले. एकेक वाटी पुढे केली तेव्हा “दूध आहे” एवढेच उत्तर मिळाले. दोन्ही शेजारी ठेवल्या, तेव्हा चष्मा वर गेला. गाईच्या दुधात गवतातले पिवळे द्रव्य, कॅरोटीन, उतरते. म्हैस त्याचे जीवनसत्त्व करून टाकते आणि तिचे दूध पांढरे राहते. एकटा पांढरा स्वतःबद्दल कधीच खरे बोलत नाही. त्याला शेजारी लागतो. म्हणून रंगाचे कार्ड पाहताना पहिली गोष्ट ही करावी, की कोऱ्या पांढऱ्याशुभ्र कागदावर ते चौकोन कापून ठेवावेत. कागदाच्या पांढऱ्यापुढे साय पिवळी दिसली, मोतियात करडी झाक निघाली आणि खरवसाच्या अंगात तांबूस छटा असल्याचे उघडकीस आले.

आमच्या लहानपणी हा खटाटोप नव्हता. पिंपात चुन्याचे खडे टाकायचे, वर पाणी ओतायचे आणि चुना रटरटू लागला की मुलांना लांब पिटाळायचे. दुसऱ्या दिवशी तो गाळून घ्यायचा, भिंतीला धरून राहावा म्हणून त्यात डिंक किंवा सरस आणि शेवटी चिमूटभर नीळ. धोतराला निळीचे पाणी द्यायचे त्याच न्यायाने; निळ्याने पिवळटपणा मारला जातो. ज्यांना इतका पांढरा नको असे ते नीळ टाकत नसत, थोडी पिवडी टाकत. चुन्याची गंमत अशी, की ओला असताना भिंत मळकटच दिसे. “हे काय पांढरे झाले?” म्हणून आजी चिडे. वाळता वाळता तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेई आणि भिंतीवर चुनखडीचा पापुद्रा बनून उजळून निघे. आताच्या इमल्शनचे नेमके उलटे. ते ओले असताना दुधाळ दिसते आणि वाळल्यावर एखादी छटा गडद होते. तेव्हा रंगाऱ्याचा ब्रश फिरत असताना कोणी नाक मुरडू नये आणि खूषही होऊ नये.

आजच्या पांढऱ्याचा जीव टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये आहे. पूर्वी चांगला पांढरा शिशापासून करीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या नव्या भुकटीने त्याची जागा घेतली. ती ज्या इल्मेनाइटपासून काढतात ते केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत सापडते. तिरुअनंतपुरमचा त्रावणकोर टायटॅनियम प्रॉडक्ट्स हा कारखाना १९४६ साली त्यासाठीच उभा राहिला. काळ्या वाळूतून घराचा पांढरा निघतो, हे मला तरी फार दिवस ठाऊक नव्हते.

दुकानातल्या यंत्राखाली हा पांढरा डबा ठेवतात आणि त्यात रंगद्रव्याचे मोजके थेंब पडतात. दुकानदार सज्जन होता, त्याने तिघांची कुळकथा सांगितली. सायीत निव्वळ पिवळा. मोतियात पिवळा आणि किंचित काळा. खरवसात पिवळा आणि किंचित तांबडा, म्हणजे आपल्या गेरूच्या जातीचा. हे विचारून घेण्यासारखे आहे, कारण नावावरून ते कधीच कळायचे नाही. पिवळ्यात काळा मिसळला की तो हिरव्याकडे झुकतो, हे चित्रकलेच्या तासाला शिकलेले मी त्या वेळी विसरले होते. ते पुढे महागात पडले असते.

आता आमच्या हॉलविषयी सांगायला हवे. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, खिडकी उत्तरेला आणि खिडकीसमोर जांभळीचे झाड. रंगाऱ्याने मे महिन्यात येऊन जुन्या भिंतीवरच तिन्ही रंगांचे हातभर पट्टे ओढून दिले. साय इतकी सुंदर दिसली म्हणता! शुभ्र, शांत, कुठे पिवळेपणाचे नाव नाही. ह्यांनी लगेच खिशात हात घातला. पण रंगारी जुना माणूस. तो म्हणाला, “वहिनी, भिंतीला ओल आहे. पाऊस जाऊ द्या, भिंत सुकू द्या, मग बघू. आणि जुन्या भिंतीवर रंग बघायचाच नाही, ती फसवते.”

भिंत फसवते ती कशी, हे फ्रान्समधल्या एका रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढले आहे. मिशेल शव्हरल त्यांचे नाव. पॅरिसमधील गोबेलँ या प्रसिद्ध गालिचे-पडद्यांच्या कारखान्यात ते रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा धागा पुरेसा काळा उतरत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी धागा तपासला, तर रंगात काही खोट नाही. खोट शेजाऱ्यात होती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला की तोच काळा निस्तेज दिसे. प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या विरुद्ध रंगाची छाया टाकतो, हा नियम त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. (हे गृहस्थ पुढे १०२ वर्षे जगले. रंगाच्या तक्रारी ऐकून आयुष्य कमी होते, असे निदान म्हणता यायचे नाही.) आमची बारा वर्षांची पिवळी भिंत सायीवर निळसर छाया टाकत होती. म्हणजे तिने फुकटात नीळ दिली होती. चारही भिंती सायीच्या झाल्या असत्या, की ती नीळ गेली असती आणि खाली उरली असती पिवळी साय.

मे महिन्याचा उजेडही फसवाच होता. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही असे आपण समजतो, पण आपला मुलूख विषुववृत्तापासून फार दूर नाही. मुंबई-ठाण्याचा पट्टा साधारण १९ अंशांवर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळी तर उत्तरेच्या खिडकीतून तिरीप सरळ घरात येते. आश्विन उजाडेपर्यंत तो दक्षिणेकडे सरकतो. मग उत्तरेच्या खोलीत उरतो तो नुसत्या आकाशाचा निळसर उजेड. आमच्याकडे त्यात पावसाने न्हालेल्या जांभळीच्या पानांचा हिरवा मिसळलेला. तेव्हा ज्या ऋतूत घरात जास्त राहायचे, त्या ऋतूच्या उजेडात रंग पाहावा. निदान एकाच दुपारच्या भरवशावर निर्णय घेऊ नये. दक्षिण-पश्चिमेच्या खोल्यांत उलट अडचण. तिथे संध्याकाळी ऊन स्वतःच हळद घेऊन येते, भिंतीला आणखी पिवळी करण्याचे कारण नसते.

नवरात्र संपल्यावर रंगाऱ्याने सांगितल्याप्रमाणे मी पुठ्ठे केले. फ्रीजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, दोन-दोन फूट लांबी-रुंदीचे तीन तुकडे. त्यांवर प्रायमर, मग रंगाचे दोन हात, आणि कडेने चार बोटे कोरा पांढरा काठ सोडलेला, म्हणजे जुन्या भिंतीला आपली छाया टाकता येऊ नये. हे पुठ्ठे भिंतीला टेकवून उभे ठेवायचे, टेबलावर आडवे नव्हेत. आडव्या रंगावर वरचा उजेड पडतो, भिंतीवर तसा पडत नाही. आणि ते खोलीभर फिरवायचे. आठ दिवस आमच्या घरी येणाराजाणारा विचारी, “प्रदर्शन आहे का?”

पहिल्याच सकाळी मोतियाने पाणी दाखवले. जांभळीचा उजेड त्याच्यावर पडला आणि पोटातला काळा-पिवळा जागा झाला. भिंतीला शेवाळ धरल्यासारखे दिसू लागले. खाली आमची कोट्याची फरशी, तीही हिरवटच. तिनेही हात धुऊन घेतले. फरशीचा रंग भिंतीच्या खालच्या भागावर चढतो, हे पुठ्ठा खाली ठेवून पाहिल्याशिवाय पटत नाही. समोरच्या इमारतीला गुलाबी रंग असेल, तर तुमच्या भिंतीही थोड्या गुलाबी व्हायच्या. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

साय सकाळी बरी होती, रात्री बिघडली. तिचे कारण दिव्यात सापडले. एलईडी दिव्याच्या खोक्यावर एक आकडा असतो, २७००, ३०००, ४००० किंवा ६५००, आणि पुढे केल्विनचा के. हे प्रकाशाच्या रंगाचे माप. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर आणि थंड, जितका लहान तितका पिवळा आणि ऊबदार. उलटे वाटते खरे, पण लोहाराच्या भट्टीतले लोखंड आठवा: आधी लाल होते, मग पिवळे, फार तापले की पांढरे. जुना पिवळा बल्ब म्हणजे साधारण २७००. आमच्या हॉलमधली पट्टी ६५०० ची. तिच्या उजेडात साय लिंबाच्या सरबतासारखी दिसू लागली. हौसेने ३००० चा दिवा आणून लावला, तर तिघेही पुठ्ठे लोण्यात बुडवून काढल्यासारखे! शेवटी ४००० वर तडजोड झाली आणि तीत सर्वांत शहाण्यासारखा वागला तो खरवस. निळसर-हिरवा उजेड त्याच्यातला तांबूसपणा खाऊन टाकी आणि उरे तो एक साधा, ऊबदार पांढरा. दिवे बदलायचे असतील तर रंगाच्या आधी बदलावेत. आम्ही रंगानंतर बदलले असते, तर दुसऱ्यांदा कार्ड मागवावे लागले असते.

अजून एक. चार भिंती एकमेकींचा उजेड एकमेकींवर टाकतात, त्यामुळे फिकट रंगसुद्धा खोलीत भरला की पुठ्ठ्यापेक्षा गडद वाटतो. दोन छटांत अडलात तर फिकी घ्यावी.

हे सर्व होईपर्यंत सासूबाई कॉटवरून पाहत होत्या. शेवटी मी तिन्ही पुठ्ठे त्यांच्यासमोर मांडले. त्यांनी आधी उजवा डोळा हाताने झाकला. “तिन्ही एकच. हळदीच्या दुधासारखी.” मग डावा झाकला. “हे पिवळे, हे करडे आणि हे, काय म्हणता तुम्ही, खरवस. नाव बरोबर ठेवलेत. पण ते मोतिया नको गं बाई, एका डोळ्यातला आत्ताच काढलाय!”

आम्ही हसलो, पण माझ्या मनातून ते काही जाईना. डोळ्यातले भिंग वयाबरोबर पिवळे होत जाते आणि मोतीबिंदू झाला की पिवळट-तपकिरी. त्यातून निळा उजेड आत जातच नाही. बदल इतका सावकाश होतो, की माणसाला तो कळत नाही. पिवळ्या काचेतून पाहत असतो आणि पांढरे दिसते असे समजतो. चित्रकार क्लोद मोने यांना १९१२ साली मोतीबिंदू असल्याचे कळले. १९२३ साली उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाल्यावर त्यांची तक्रार अशी, की जग फार निळे दिसते. त्यासाठी त्यांना रंगीत काचांचा चष्मा लावावा लागला. ज्याचे सारे आयुष्य रंग पाहण्यात गेले त्याची ही गत. मग बारा वर्षे “चांगला तर आहे रंग” म्हणणाऱ्या माझ्या सासूबाईंना मी मनातल्या मनात चिक्कू म्हणत आले, त्याचे काय? त्यांना भिंत खरोखरच चांगली दिसत होती. स्वयंपाकघरातले अंधारे कोपरे, पायरीची कड, कपातला चहा किती भरला ते, हे सगळे कसे दिसत होते, हे मी कधी विचारलेच नव्हते.

आणि तरीही मी चूक केलीच. मासिकांतली चित्रे पाहून माझ्या डोक्यात बसले होते, की भिंत, दार, चौकट, बटणांच्या पाट्या सगळे एकाच पांढऱ्याचे करायचे. खोली मोठी दिसते, हॉटेलसारखी दिसते. रंगाऱ्याने बाथरूमच्या दाराला आणि चौकटीला पांढरा प्रायमर मारला. शेजारची भिंत खरवसाची झाली होती. त्या रात्री तीनच्या सुमारास खाडकन आवाज आला. सासूबाई उठल्या होत्या. अंधुक उजेडात भिंत कुठे संपते आणि दार कुठे सुरू होते ते त्यांना कळले नाही, आणि कपाळ चौकटीवर आदळले. टेंगूळ आले, पडल्या नाहीत, हे नशीब. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पडणे म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी म्हातारे माणूस आहे त्यांना सांगायला नको. बर्फाची पिशवी धरून बसले असताना त्या मलाच समजावीत होत्या, “नवी चौकट आहे, सवय नाही झाली.” चौकट तीच होती. मी तिला पुसून टाकली होती.

सकाळी रंगाऱ्याला सांगितले, चौकटी शिसवी रंगाच्या. त्याला यात काही नवल वाटले नाही. “जुन्या घरात गडद असायच्या त्या उगीच नाही, वहिनी.” रंगाच्या कार्डामागे कधीकधी आणखी एक आकडा असतो. रंग किती उजेड परत फेकतो त्याचे हे माप, शून्य म्हणजे पूर्ण काळा आणि १०० म्हणजे पूर्ण पांढरा. हे ऊबदार पांढरे बहुधा ७० ते ८५ च्या घरात असतात. ब्रिटनमध्ये अपंगांना सोयीच्या इमारतींसाठी बीएस ८३०० नावाचे मानक आहे. भिंत आणि दार यांसारख्या लगतच्या गोष्टींत या मापाचे निदान ३० चे अंतर असावे, असे त्यात धरले आहे. साय, मोतिया आणि खरवस यांच्यात चार-पाचाचेही अंतर नव्हते आणि त्यावर आम्ही सहा महिने भांडलो होतो. चौकटीकडे मात्र कोणीच पाहिले नव्हते. बटणांच्या पाट्यांभोवतीही मग एक तपकिरी पट्टी आली, आणि बाथरूमच्या उंबऱ्याच्या कडेला एक.

दाराचा जुना ऑइलपेंट खरवडताना मात्र काळजी घ्या. भारतात घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. त्याआधीच्या रंगांत ते किती असेल त्याचा भरवसा नाही. कोरडा पॉलिश पेपर मारला की ती धूळ घरभर उडते आणि लहान मुलांना ती फार वाईट. पाणी मारून ओले घासायला सांगावे, मुलांना त्या दिवशी मावशीकडे धाडावे आणि फरशी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

बाकीच्या गोष्टी रंगाऱ्याकडून शिकलेल्या. एका खोलीचा रंग एकाच वेळी आणावा. दोन वेळा आणलेले डबे, झाकणावर नंबर एकच असला तरी, तंतोतंत जुळतीलच असे नाही. मागच्या खेपेला आमच्या बेडरूमची एक भिंत अशीच परक्या घरची सून राहिली होती. सगळे डबे मोठ्या पिंपात ओतून एकत्र ढवळून घ्यावेत. थोडा रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत उरवून ठेवावा आणि त्यावर खोली, नंबर आणि तारीख लिहावी. स्वयंपाकघरात धुता येईल असा किंचित चमक असलेला रंग बरा. हॉलमध्ये चमक नको, बाजूने उजेड पडला की गवंड्याने केलेले सगळे पाप त्यात दिसते.

वसुबारसेला काम संपले. हे भिंतीकडे पाहत म्हणाले, “मी म्हणतच होतो, खरवस.” मी काही बोलले नाही.

मार्गशीर्षात सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर घरी आल्या, कॉटवर टेकल्या आणि भिंतीकडे पाहून थबकल्या. “पुन्हा रंग दिलात की काय?”

“नाही हो, आई. दिवाळीचाच आहे.”

त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला. “दोन्हीकडून खरवसच,” म्हणाल्या आणि चहा टाकायला सांगितले.